पानांआडची खाट

घराचा हॉल अठरा फूट लांब आणि अकरा फूट रुंद. हिंदी मुलखातलं आमचं शहर, त्यात विजय नगरमधलं तळमजल्याचं घर. दार रस्त्यावरून थेट हॉलमध्येच उघडतं. दारात उभं राहिलेल्या माणसाला समोरच्या खिडकीपर्यंत सगळं दिसतं. त्या खिडकीखाली बाबांची खाट होती. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

बाबा लष्करी सामान बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, घशातून आवाज यायचे, पण त्यांचे शब्द होत नसत. आतल्या दोन्ही खोल्या अरुंद, चाकांची खुर्ची तिथे वळत नसे. म्हणून खाट हॉलमध्ये आली. उशाशी एक लाकडी स्टूल, स्टुलावर स्टीलचा पेला, त्यावर झाकण आणि एक चमचा. झाकणावर चमचा एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही. ही पद्धत त्यांनीच ठरवली. पहिल्याच दिवशी डाव्या हातानं वहीत लिहून दाखवली.

हॉलमध्ये येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांना पाही. सिलिंडरवाला, वीजमीटरवाला, शेजारी, माझ्या बायकोकडे गणिताच्या शिकवणीला येणारी मुलं. लोक दारातून बघत आणि मग घाईनं दुसरीकडे बघत. महिनाभर हे चाललं. एके दिवशी बाबांनी वहीत लिहिलं : मी दुकानातला माल नाही. अक्षर वेडंवाकडं होतं, पण वाचता येत होतं. बायकोनं शिकवणी बंद केली. त्यानं फार फरक पडला नाही. सिलिंडर तर यायचाच.

आम्ही पडदा लावून पाहिला. चमचा दोनदा वाजला. वहीत एकच शब्द : वॉर्ड. प्लायवूडचं पार्टिशन सुचवलं. त्यानं पुढच्या अर्ध्या हॉलचा उजेड गेला असता. चमचा पुन्हा दोनदा वाजला. मग बायकोनं मोबाईलवर एक चित्र दाखवलं. कुणाच्या तरी घरात खोलीच्या मधोमध उंच, सरळ पानांच्या झाडांची ओळ होती. भिंत म्हणावी तर भिंत, पण मधून उजेड येत होता. बाबांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. चमचा एकदा वाजला.

आराखडा त्यांनी काढला. डाव्या हातानं, पट्टी मला धरायला लावून. पत्र्याच्या दोन लांबट पेट्या, प्रत्येकी साडेतीन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. कोपरे कसे दुमडायचे, कड कुठे वळवायची, सगळं दाखवलं होतं. तो कागद घेऊन मी बड़ा फुहारा बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या पत्रेवाल्याकडे गेलो. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"ये किसने बनाया? इंजीनियर हैं?"

"फिटर हैं."

"तभी," तो म्हणाला. "इंजीनियर का बनाया तो हमको दुबारा बनाना पड़ता है. नीचे छेद कितने मारूँ?"

मी कागद पाहिला. तळाला एकही भोक दाखवलेलं नव्हतं. पत्रेवाला म्हणाला, झाडं लावायची असतील तर भोकं लागतील. मी आराखड्याप्रमाणे करायला सांगितलं. भोक हवं असतं तर बाबांनी दाखवलं असतं, असं मला वाटलं.

पेट्या घरी आल्यावर बाबांनी त्या पाण्यानं काठोकाठ भरायला लावल्या. खाली मी ज्या दैनिकात काम करतो त्याचे जुने अंक पसरले. दुसऱ्या दिवशी पाणी उपसलं आणि अंक त्यांच्या हातात दिले. त्यांनी एकेक पान बोटांनी चाचपलं. सगळी कोरडी होती. चमचा एकदा वाजला. गळणारी वस्तू त्यांनी आयुष्यभरात पास केली नव्हती, आणि झाडांची पेटी ही त्यांच्या दृष्टीनं तशीच एक वस्तू होती.

ग्वारीघाटच्या रस्त्यावर एक नर्सरी आहे. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं स्नेक प्लांटची दहा जाणती झुडपं दिली. पानं जमिनीतून थेट वर आलेली, कडेला पिवळी रेघ, हिरव्यावर करडे पट्टे. उंची तीन-साडेतीन फूट. पेट्यांना भोकं नाहीत हे ऐकल्यावर त्यानं हातातली खुरपी खाली ठेवली.

"फिर एक बात गाँठ बाँध लीजिए भैया. इसको पानी मत दीजिए. महीने में एक बार, वो भी कंजूसी से. लोग इसको प्यार से मार डालते हैं. आप तो इसको भूल जाइए, तभी चलेगा."

तळाला विटांचे तुकडे, वर वाळू मिसळलेली माती, प्रत्येक पेटीत पाच झुडपं. एक पेटी भिंतीला लागून, खाटेच्या उशाच्या बाजूला. दुसरी तिच्या पुढे त्याच ओळीत, आणि मग जायला-यायला वाट. पेटी आणि पानं मिळून ओळ छातीपर्यंत आली. आई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे झाडं हायेत का तलवारी हायेत, बाप्पा," ती म्हणाली. "फुलं तरी येतात काय यायले?"

"क्वचित येतात म्हणे," बायको म्हणाली.

"मंग काय कामाचे? नुसता पहारा."

चमचा एकदा वाजला. आई हसली. त्या दोन वर्षांत ती बाबांशी अशीच बोलायची. तिच्या वाक्यांना चमच्याची उत्तरं यायची, आणि बाहेरच्या माणसाला तो संवाद पूर्ण वाटे.

आता येणाऱ्याला बाबा दिसत नसत. बाबांना मात्र सगळे दिसत. दुसऱ्या पेटीतल्या तिसऱ्या आणि चौथ्या झुडपामध्ये चार बोटांची फट होती. उशा उंच केल्या की त्या फटीतून दार दिसे. मी हिंदी दैनिकात बातम्यांच्या डेस्कवर होतो, पाळी दुपारी सुरू व्हायची. निघताना मी त्या फटीकडे बघे. एक डोळा, आणि डाव्या हाताचं उचललेलं बोट. इतकंच. परतायला उशीर होई म्हणून सकाळी मी नऊपर्यंत झोपलेला असे. घरातल्या सकाळी मला फारशा माहीत नव्हत्या.

एक गोष्ट मात्र माहीत होती. सकाळी सहाला आई कोमट पाण्याचा पेला स्टुलावर ठेवी आणि स्वयंपाकघरात जाई. तिथून विचारी, "पाणी घेतलं?" चमचा एकदा वाजे. मग ती चहा टाकी.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी तिनं विचारलं, "पाणी घेतलं?" आवाज आला नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी झोपलेला होतो. बायको ओट्याशी डबा भरत होती, तिनं दोन्ही वेळा ऐकलं. तिसऱ्यांदा आईनं विचारलं नाही. गॅस बंद केला आणि हॉलमध्ये गेली.

आमच्या घरात श्राद्ध, पिंड, पितरांना पाणी यांतलं काही होत नाही. आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्याच सुमारास राज्यांची फेररचना झाली, नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं आणि आम्ही अलीकडच्या, हिंदी राज्यात राहिलो. बाबा तेव्हा लहान होते. आजोबांनी जे सोडलं ते बाबांनी पुन्हा कधी हातात घेतलं नाही. पितृपक्षात शेजारी गच्चीवर पान ठेवायचे. बाबा बोलत होते तेव्हा ते पाहून एक वाक्य दरवर्षी म्हणत : मेलेल्या माणसाला तहान लागत नाही. ते चेष्टेनं म्हणत नसत. कारखान्यात कोणत्या धातूचा काय गुण आहे हे सांगावं, तसं सांगत.

भंतेजी आले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अस्थी ग्वारीघाटला नावेतून नेऊन नदीत सोडल्या. पायऱ्यांवर एका पंडितानं विचारलं, "जल नहीं देंगे?" मी नाही म्हणालो. आई दोन पायऱ्या खाली उभी होती, हातात रिकामी पिशवी. ती पाण्याकडे बघत होती. पंडितानं तिला विचारलं, "माताजी, आप?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. नाही म्हणून हलवली, असं मी तेव्हा धरलं.

दोन महिन्यांनी बायकोनं विषय काढला. ती सकाळच्या शाळेत शिकवते, पावणेसातला निघते, दुपारी मोकळी असते. शिकवणी पुन्हा सुरू करायची होती. मुलं विचारत होती. खाट काढली, झाडं व्हरांड्यात नेली, तर पूर्ण हॉल मिळाला असता. तिनं हे आईसमोरच सांगितलं, आडून नाही.

आई त्या दिवसांत बाबांच्याच खाटेवर झोपत होती. ती म्हणाली, "शिकव ना बाई. पुढं बसव पोरायले. मी काय आवाज करून राहिली?"

"तसं नाही आई. जागा पुरत नाही. बारा मुलं आहेत."

आईनं झाडांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे झाडं त्यायनं लावले. झाडं हायेत तोवर हा कोपरा राहू द्या. झाडं गेले का खाट काढा. मी काही बोलणार नाही."

बायको हो म्हणाली. ती झाडं सहजी मरत नाहीत हे तिला माहीत होतं, आईलाही माहीत होतं. बायकोनं आईला कोपरा दिला, असाच त्याचा अर्थ होता. शिकवणी पुढच्या अर्ध्या भागात सहा-सहा मुलांच्या दोन तुकड्यांत सुरू झाली.

त्यानंतरच्या गोष्टी मी क्रमानं लिहितो.

पहिली गोष्ट, दुपारी निघताना फटीकडे बघण्याची सवय गेली नाही. फटीत भिंतीचा तुकडा दिसायचा, क्रीम रंगाचा. तीन वेळा तो दिसला नाही. त्या जागी पांढरं काहीतरी होतं आणि ते हललं. दोन वेळा मी न थांबता निघून गेलो. तिसऱ्यांदा वळून पानांपलीकडे गेलो. खाट रिकामी होती, चादर ताणलेली होती. आई आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. तिच्या अंगावर निळं लुगडं होतं.

दुसरी गोष्ट, आवाज. सकाळी अर्धवट झोपेत मला स्टीलवर स्टील टेकल्याचा आवाज येई. एकदाच. दोनदा मी घड्याळ पाहिलं, दोन्ही वेळा सात वाजून काही मिनिटं झाली होती. बायको तोवर शाळेत गेलेली असे. मी अंथरुणात पडून दुसऱ्या आवाजाची वाट बघे, आणि तो येत नसे. यांतलं काही मी कुणाला सांगितलं नाही. दोन बाजूंनी पक्की झाल्याशिवाय बातमी छापायची नाही, हा डेस्कचा नियम. इथे एकच बाजू होती, आणि ती म्हणजे मीच.

तिसरी गोष्ट मार्चच्या अखेरीस झाली. दुपारी बायको शिकवत होती, मी निघायच्या तयारीत होतो. भिंतीकडच्या पेटीतलं पहिलं झुडूप, खाटेच्या उशाजवळचं, आवाज न करता झुकलं आणि आडवं झालं. वाऱ्याची झुळूकही नव्हती. मुलं थांबली. एक मुलगी म्हणाली, "मैम, किसी ने धक्का दिया क्या?" पलीकडे कुणी नव्हतं. मी पान धरून उचललं तर ते मुळापासून अलगद हातात आलं. वरचा तीन फूट भाग ताठ, हिरवा, निरोगी होता. बुडाशी वीतभर पिवळं, मऊ, आणि त्याला कुजल्याचा वास होता.

आई धावत आली. तिनं पडलेलं झुडूप पाहिलं आणि पेटीच्या कडेवर हात ठेवला. "एकच गेलं ना?" तिनं विचारलं. "बाकीचे बरे हायेत ना?"

बाकीची बरी नव्हती. पंधरा दिवसांत त्याच पेटीतली आणखी दोन गेली. जिथून झुडूप जाई तिथून खाट दिसू लागे. आधी उशी, मग हातभर चादर. आई दुपारी मातीत बोट घालून बघे, पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसे, शिकवणीच्या वेळी पानांपलीकडे बसून राही. बायको या विषयावर एक अक्षर बोलली नाही. पण हॉलमधून जाताना दोघी आधी झाडांकडे आणि मग एकमेकींकडे बघत, हे मी पाहिलं.

एप्रिलच्या मध्यावर मी कुजलेलं एक बूड कागदात बांधून नर्सरीत नेलं. मालकानं ते दाबलं. बोट आत गेलं.

"रोज़ पानी दे रहा है कोई."

"कोई नहीं देता."

"भैया, ये तो तालाब में खड़ा था," तो म्हणाला. "आप अख़बार वाले हो, घर की ख़बर नहीं रखते?"

घरी येऊन मी आईला सरळ विचारलं. झाडांना पाणी घालतेस का?

"मी काहून घालू? महिन्यातून एकदा सांगितलं ना त्यानं," आई म्हणाली. ती माझ्याकडे न बघता बोलली. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मला ही झाडं मरायला हवीत असं वाटतं का तुम्हाला?" एवढं बोलून ती वह्या तपासायला लागली. घरात माणसं तीन. दोघींनी नाही म्हटलं होतं, आणि मी घालत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेसहाला उठलो, पण खोलीतून बाहेर आलो नाही. बायको गेली. दार बंद झाल्याचा आवाज आला. मी खोलीच्या दारात उभा राहिलो. तिथून ओळ तिरपी दिसते.

आई स्वयंपाकघरातून पेला घेऊन आली. स्टीलचा, बाबांचाच. स्टुलावर ठेवला. झाकण ठेवलं. स्टीलवर स्टील टेकल्याचा आवाज आला, एकदा. मग ती खाटेच्या पायथ्याशी बसली. डोक्यावरून पदर घेतलेला होता, पांढरा. दहा-बारा मिनिटं ती तशीच बसून होती. प्रार्थना नाही, हात जोडणं नाही, ओठ हलत नव्हते. आजारी माणसानं पाणी प्यावं म्हणून कुणी थांबतं, तशी थांबली होती. मग तिनं पेला उचलला, आत पाहिलं, आणि सगळं पाणी सावकाश उशाजवळच्या पेटीत ओतलं.

मला कळलं ते असं. बाबांसाठी ठेवलेलं पाणी तिला मोरीत ओतवत नव्हतं. स्वतः प्यायचं नव्हतं, कारण ते तिचं नव्हतं. बाहेर नेऊन ओतलं तर शेजाऱ्यांनी पाहिलं असतं, आणि आमच्या घरात हे होत नाही हे शेजाऱ्यांना माहीत होतं. त्यांना ते बाबांनीच सांगितलं होतं. हाताशी, आडोशाला, माती एवढीच होती. जानेवारीपासून रोज एक पेला. पेटीला भोक नव्हतं. ती गळत नाही याची खात्री बाबांनी स्वतः करून घेतली होती.

ती वळली तेव्हा मी दारातून मागे झालो. तिनं मला पाहिलं नसावं, असं मला वाटलं.

सांगितलं असतं तर झाडं वाचली असती. पण सांगायचं म्हणजे तिनं काय केलं ते तिच्यासमोर मोठ्यानं म्हणायचं. बाबांनी जे मानलं नाही ते ती त्यांच्यासाठीच करत होती, आणि त्यांच्यापासूनही लपवून. मी सांगितलं नाही. पुन्हा नर्सरीत गेलो आणि विचारलं, उंच वाढणारं, उजेड थोडा असला तरी चालणारं आणि रोज पेलाभर पाणी पिणारं काय आहे?

"अब प्यासा वाला चाहिए?" मालकानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग कोपऱ्यातून अंब्रेला पामचं झुडूप आणलं. सरळ काठ्या, टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी पानं. "इसको पानी में खड़ा रखो तो भी हँसेगा. बस प्यासा मत रखना, दो दिन में बता देगा."

मी भिंतीकडची पेटी रिकामी केली. त्यातली उरलेली दोन स्नेक प्लांट बुडं कापून, सुकवून वेगळ्या कुंड्यांत लावली. पेटीत अंब्रेला पाम लावला. आईनं विचारलं, "हे कोणतं?" मी म्हणालो, "नर्सरीवाल्यानं दिलं. याला पाणी लागतं."  ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

आठ-दहा दिवस पाम चांगला राहिला. नवीन कोंब आला. मग एका दुपारी मला पानांची टोकं तपकिरी दिसली. दुसऱ्या दिवशी दोन काठ्या मधून मोडल्या. मातीत बोट घातलं. कोरडी होती, वरपासून खालपर्यंत. स्टुलाकडे पाहिलं. पेला नव्हता. तो स्वयंपाकघरात मांडणीवर होता, इतर पेल्यांबरोबर, पालथा.

त्या संध्याकाळी मी सुट्टीवर होतो. जेवताना आई म्हणाली, "रविवारी खाट काढून टाका. मी आत झोपीन."

"झाडं आहेत अजून आई," बायको म्हणाली. "तुम्हीच म्हणाल्या होत्या."

"राहू दे ते. पोरायले जागा होईल."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. जेवण झाल्यावर ती आत गेली, आणि बायकोनं मला व्हरांड्यात बोलावलं.

"त्यांनी मला दुपारी सांगितलं," ती म्हणाली. "पाण्याचं. तुम्ही त्यांना सकाळी पाहिलंत ना?"

"हो."

"त्यांना कळलं ते. म्हणाल्या, त्यानं पाह्यलं मले, आन् चूपचाप दुसरं झाड आणून ठेवलं. लेकाले समजलं म्हणजे झालंच. त्यायले हे आवडलंच नसतं, मी उगाच करून राहिली होती." बायकोनं आतल्या खोलीकडे पाहिलं. "मी त्यांना म्हटलं, कोपरा तुमचाच आहे, राहू द्या. ऐकत नाहीत. मला शिकवणीसाठी जागा हवी होती हो. असं नको होतं."

तो गुरुवार होता. शुक्रवारी मी काही केलं नाही. दुपारी निघताना फटीकडे पाहिलं, क्रीम रंगाची भिंत दिसली. सकाळी झोपेत आवाज आला नव्हता, आणि त्याच्या नसण्यानंच मला जाग आली होती. वेळ सातची होती.

शनिवारी बायको शाळेत गेल्यावर मी उठलो. आई स्वयंपाकघरात पाठमोरी, कणीक भिजवत होती. तिच्या मागून मी मांडणीवरचा पेला, झाकण आणि एक चमचा घेतला. तिनं मान वळवली नाही. बाथरूमच्या नळाला पेला भरला, हॉलमध्ये जाऊन स्टुलावर ठेवला, झाकण ठेवलं. आवाज झाला.

स्वयंपाकघरातला परातीचा आवाज थांबला.

मी खाटेच्या कडेवर बसलो होतो. फटीतून दार दिसत होतं. उशाच्या बाजूनं ती फट मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिथून दार वाटलं होतं त्यापेक्षा खूप जवळ दिसतं. येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा तिथून स्पष्ट दिसत असणार. मी रोज निघताना तिकडे किती क्षण बघायचो, तेही.

आतून आईचा आवाज आला. मोठा नाही, पण नेहमीच्या पट्टीतला.

"पाणी घेतलं?"

माझ्या हातात चमचा होता. डेस्कवर वीस वर्षांत मी दुसऱ्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं नाही. घालणाऱ्याला मी दोनदा बातमी परत लिहायला लावली आहे. बाबांचं या बाबतीतलं म्हणणं मला माहीत होतं. त्यांनी ते दरवर्षी, स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं.

मी चमचा झाकणावर एकदा वाजवला.

बराच वेळ काही झालं नाही. मग परात ओट्यावर सरकल्याचा आवाज आला, आणि लायटरचा. तिनं चहा टाकला होता. दहा मिनिटं थांबून मी पेल्यातलं पाणी पामच्या मुळाशी ओतलं. पेला नेऊन ठेवला तेव्हा ती दुधाचं पातेलं हलवत होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

रविवारी खाट काढायला मी कुणाला बोलावलं नव्हतं, आणि आईनं त्याबद्दल विचारलं नाही. त्या सकाळी मी सातच्या आधी उठून हॉलमध्ये गेलो. स्टुलावर पेला होता. भरलेला, वर झाकण. मी ठेवला नव्हता. झाकणावर चमचा आडवा ठेवलेला होता आणि त्याचा दांडा डावीकडे, बाबांच्या चालत्या हाताच्या बाजूला, वळवलेला होता.